गृहचर्चा : शेगडीवरील मुलामा

सह्याद्रीच्या दोहों बाजूंस राहणाऱ्या आम्हां लोकांस घर उबविण्यासाठीं शेगडी विकत घ्यावी लागत नाहीं. माघांतल्या थंडीस एक घोंगडी आणि अंगणांतली शेकोटी पुरते. तेव्हां घराच्या शेगडीवर कांचेचा मुलामा असावा कीं नसावा, असावा तर त्यासाठीं किती पैसे टाकावे, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांना पडला असेल. तथापि ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं स्थायिक झालीं आहेत अशीं घरें आतां आपल्यांत थोडीं नाहींत. तिकडील संसाराचे प्रश्न पत्रांतून इकडे येतात, आणि इकडची वडील मंडळी त्यांवर, माहिती असो वा नसो, मत देतात. आम्हींही तसेंच एक मत दिलें व तें चुकलें. या खेपेस त्याचीच हकीकत, आणि त्या निमित्तानें जमविलेली माहिती, वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा भाचा अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत राहतो. हें त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यांतील डोंगराळ संस्थान, कॅनडाच्या सरहद्दीस लागलेलें. जानेवारींत तेथें पारा शून्याखालीं २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला तरी कोणास नवल वाटत नाहीं. रानें मुबलक असल्यामुळें लाकूड जाळून घर उबविणारीं कुटुंबें त्या देशांत जेथें अधिक, अशा संस्थानांत त्याची गणना होते. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्व भावंडें अक्का म्हणतों, गेले सहा हिंवाळे मुलाजवळ तेथेंच आहेत.

गेल्या श्रावणांत भाच्याचें पत्र आलें. (पत्र म्हणावयाचें तें रूढीनें, त्यास ना कागद, ना तिकीट. परंतु वर 'ती. स्व. मामांस सा. न.' हें होतें, आणि तेवढ्यानें आम्ही संतुष्ट झालों.) घराबरोबर आलेली जुनी शेगडी झिजली होती, तिच्या सांध्यांतून धूर येऊं लागला होता, सबब नवी घेणें प्राप्त होतें. पसंत केलेली शेगडी दोन रूपांत मिळे. साध्या काळ्या रंगाची २,९०० डॉलरना, आणि तीच इनॅमलच्या मुलाम्याची ३,३५० डॉलरना. भाच्याचें म्हणणें, लोखंड तेंच, आग तीच, मग वरच्या रंगाचे ४५० डॉलर कां द्यावे? सूनबाईंचें म्हणणें, शेगडी दिवाणखान्याच्या ऐन मध्यावर असते, ती शोभेल अशी असावी. निवाडा मामांनीं करावा, असें दोघांचें ठरलें होतें.

येथें शेगडी म्हणजे आपली कोळशाची शेगडी समजूं नये. ही बिडाची किंवा जाड पोलादी पत्र्याची, चार पायांवर उभी अशी पेटी असते. समोर कांच बसविलेलें दार, वर सपाट माथा, आणि मागून निघून छपराबाहेर जाणारी धुराची नळी. आंत लाकडाचे ओंडके जळतात, धूर नळीवाटे बाहेर जातो, आणि तापलेलें लोखंड खोलीस ऊब देतें. हवा आंत किती घ्यावयाची तें एका लहानशा दांड्यानें ठरवितां येतें. त्यामुळें रात्रीं भरलेली शेगडी पहाटेपर्यंत निखारे धरून राहते. अमरकोशांत शेगडीस अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती व हसनी अशीं नांवें दिलीं आहेत. हसन्ती म्हणजे हसणारी. कांचेच्या दारामागें जळणारी ही परदेशी पेटी त्या नांवास आपल्या मातीच्या शेगडीपेक्षांही अधिक शोभेल, असें चित्र पाहून आमच्या मनांत आलें.

त्या देशांत हिचा इतिहास जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७४४ सालीं आपल्या सुधारलेल्या लोखंडी शेगडीविषयीं पुस्तिका छापिली, आणि तिचा एकाधिकार देऊं केला असतां तो नाकारिला. पुढें तेल व वीज आली आणि घरोघरच्या शेगड्या अडगळींत पडल्या. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें, भाव भडकले, आणि लोक पुन्हां लाकडाकडे वळले. त्याच लाटेंत १९७५ सालीं व्हर्माँटांतच, रँडॉल्फ या गांवीं, व्हर्माँट कास्टिंग्स हा कारखाना निघाला. नॉर्वेचा योतुल कारखाना तर १८५३ पासूनचा आहे. अमेरिकेंत २०२० सालीं लागू झालेल्या नियमाप्रमाणें नव्या शेगडीनें तासास सुमारें २ ग्रॅमहून अधिक धूलिकण धुराबरोबर सोडूं नयेत असें बंधन आहे. म्हणजे या पेटीच्या पोटांत आतां बरीच विद्या भरली आहे. आमच्यापुढें प्रश्न होता तो मात्र केवळ पाठीवरच्या कातडीचा.

निवाडा मागितला म्हणजे जुन्या मास्तराच्या हातास लेखणी आपोआप येते. आम्हीं चार ओळींत उत्तर धाडलें : विस्तवास रंग कळत नाहीं, काळी घ्यावी, उरल्या पैशांचीं लाकडें घ्यावीं. सूनबाईंस उद्देशून भपक्याविषयीं एक वाक्यही शेवटीं जोडलें. तें येथें देत नाहीं.

पंधरा दिवसांनीं अक्कांशीं दूरध्वनीवर बोलणें झालें. गुडघे, हवा, नातवाची परीक्षा, सर्व झालें. मग त्या सहज म्हणाल्या, "अरे, काळ्या शेगडीवर ओलें फडकें फिरवायचें नाहीं म्हणे. गंज चढतो. मग सकाळीं उठून मी करूं तरी काय?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. आमच्या आईच्या घरीं चुलीस पोतेरें फिरविल्यावांचून दिवस उजाडला असें कधीं झालें नाहीं. तें काम अक्कांकडे वयाच्या दहाव्या वर्षीं आलें, सासरीं गेल्यावर चुलीबरोबर तिकडे गेलें, आणि पुढें गॅसचा ओटा आला तरी सुटलें नाहीं. परदेशीं त्यांच्या मुलाच्या घरीं भांडीं यंत्र घासतें, कपडे यंत्र धुतें, केर यंत्र काढतें. मुलगा-सून आठाच्या ठोक्यास कामावर जातात. त्या घरांत हातानें पुसावयाची अशी एकच वस्तु होती, ती म्हणजे जुनी शेगडी. आणि ती तपकिरी इनॅमलची होती. सहा हिंवाळे अक्का ती पुसत आल्या. मुलाच्या हें लक्षांतही आलें नव्हतें. सुनेच्या आलें होतें. मात्र सासूबाईंच्या नांवानें पैसे मागितले असें दिसूं नये, म्हणून तिनें पत्रांत दिवाणखान्याची शोभा पुढें केली होती, हें आम्हांस मागाहून कळलें. आमचें तें भपक्याचें वाक्य तिनें निमूटपणें वाचलें.

मग आम्ही खरोखरी चौकशीस लागलों. ती आधीं करावयास हवी होती.

इनॅमल म्हणजे रंग नव्हे. ती कांच आहे. जयपूरचे कारागीर सोन्यावर मिना चढवितात तीच ही विद्या, सोन्याऐवजीं लोखंडावर. वाळू, टाकणखार, सोडा इत्यादि पदार्थ एकत्र वितळवून तो रस थंड पाण्यांत ओततात, म्हणजे तडतडून त्याचे कण होतात. ते कण दळून, त्यांत बारीक माती व पाणी कालवून जो घोळ होतो तो घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर फवारतात, वाळवितात, आणि सुमारें ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत घालतात. तेथें कांच वितळून लोखंडास बिलगते. पहिल्या थरांत कोबाल्टचें संयुग अल्प प्रमाणांत मिसळलेलें असतें. त्याच्या योगानें पकड घट्ट होते. त्यावर रंगाचा थर, आणि पुन्हां भट्टी. तापल्यानें लोखंड व कांच दोन्ही फुगतात, निवल्यावर आकसतात, परंतु सारख्या प्रमाणांत नव्हे. कांच दाबली असतां बळकट आणि ताणली असतां दुबळी. म्हणून तिचें मिश्रण असें जमवितात कीं निवतांना लोखंड तिच्याहून किंचित् अधिक आकसावें आणि कांच सदैव थोडी दाबांत राहावी. हें जमलें नाहीं तर मुलाम्यावर केसासारख्या चिरा पडतात. बिडांत कार्बन पुष्कळ असतो. भाजतांना त्याचा वायु होऊन बुडबुडे येतात, पट्ट्या वांकतात, आणि असे नग पुन्हां करावे लागतात. लाल रंगास कॅडमियम व सेलेनियम यांचीं संयुगें लागतात, आणि तो भट्टींत फार लहरी. ४५० डॉलरपैकीं बराच भाग या भट्टीच्या खेपांचा आहे, एवढें आम्हांस पटलें. नफ्याचा भाग किती, तें दुकानदारासच ठाऊक.

आतां उष्णतेचें पाहूं. कारण भाच्याचा खरा भर तेथें होता. काळी वस्तु उष्णता अधिक फेंकते, हें आम्ही शाळेंत शिकविलें आहे, आणि तें खोटें नाहीं. परंतु शेगडीच्या अंगावरून निघणारे उष्णतेचे किरण डोळ्यांस न दिसणाऱ्या जातीचे असतात, आणि त्या किरणांच्या हिशेबीं लाल, हिरवी वा पांढरी कांच ही जवळजवळ काळीच होय. काळा रंग काय, इनॅमल काय, दोन्ही नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता फेंकतात. चकचकीत उघडी धातु मात्र फार थोडी फेंकते. तेव्हां मुलाम्यानें ऊब वाढतही नाहीं, घटतही नाहीं. 'विस्तवास रंग कळत नाहीं' हें आमचें वाक्य शास्त्रदृष्ट्या बरोबर ठरलें. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

काळ्या शेगडीचा रंग सिलिकोनच्या राळेचा असतो आणि ६०० अंशांपर्यंतची धग सहज सोसतो. पहिल्या दोन-तीन वेळां पेटविली म्हणजे त्याचा उग्र दर्प सुटतो. त्या दिवशीं खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. पुढें त्रास नाहीं. पण हा थर पातळ व सूक्ष्म छिद्रांचा. त्यावर किटलींतलें पाणी सांडलें, ओलें फडकें फिरलें, किंवा शेगडी बंद असतांना उन्हाळ्यांतली दमट हवा लागली, कीं तांबूस डाग उमटतात. मग घासकागदानें घासावें आणि डब्यांतून फवारा मारावा. डबा १५-२० डॉलरना येतो.

हें वाचतांना आम्हांस कल्हईची आठवण झाली. आमच्या लहानपणीं कल्हईवाला दारीं येई, भाता लावी, पितळेचें पातेलें तापवून त्यांत नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्यानें कथील फिरवी. क्षणांत आंतून चांदी! तिला खर्च थोडा. पण कल्हईवाला वेळेवर आला पाहिजे. एका वर्षीं तो आला नाहीं, आणि आला तेव्हां दोन पातेल्यांचे पैसे वांचवावे म्हणून वडिलांनीं त्याला पुढच्या खेपेस ये म्हटलें. त्याच आठवड्यांत कढी कळकली आणि घरांतलीं चार माणसें रात्रभर उलट्या करीत होतीं. काळा रंग ही शेगडीची कल्हई आहे. स्वस्त खरी, पण तिच्यामागें कोणीतरी जागा असावा लागतो.

इनॅमलला मात्र ओलें फडकें बाधत नाहीं. कांचच ती, पुसली कीं स्वच्छ. तिचा शत्रु आघात. निळ्या कांठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्या ज्या घरांत होत्या (आमच्या आईनें त्यांना सोंवळ्याच्या फळीवर कधीं चढूं दिलें नाहीं), त्या घरांतल्या माणसांस टवका म्हणजे काय हें सांगणें नलगे. ताटली हातून पडली कीं कांचेचा टवका उडे, खालचा काळा पत्रा दिसे, आणि पुढल्या पावसाळ्यांत तेथें गंज धरी. शेगडीचेंही तेंच. ओंडका दाराच्या कडेवर आपटला, जड किटली माथ्यावरून ओढली, कीं झालें. टवका उडालेल्या जागीं घरीं पुन्हां इनॅमल चढत नाहीं. भट्टी कोठून आणावी? फार तर रंगाचा ठिपका. दुसरा शत्रु गार पाणी. तापलेल्या शेगडीवर ओलें फडकें ठेवलें तर चिरा पडण्याचें भय.

हें शेवटचें वाचून आम्ही घाबरलों व अक्कांस सावध करावयास गेलों, तों त्यांनीं आम्हांसच शिकविलें. म्हणाल्या, "पौष-माघांत ती विझतच नाहीं, तेव्हां सुकें मऊ फडकेंच फिरवते मी. आश्विन-कार्तिकांत आणि पुन्हां चैत्रांत ती रात्रीं विझते. सकाळीं माथ्यावर तळवा ठेवते, गार लागला तर ओलें फडकें. मला काय पोळून घ्यायचें आहे?" तापमापक, किरण, कोबाल्ट, सर्व एकीकडे राहिलें, सहा हिंवाळ्यांत त्या मुलाम्यावर एक चीर नाहीं, हें मुलानेंच मागून पाहून सांगितलें. आंतल्या पट्ट्या जळल्या, सांधे गेले, आणि वरची तपकिरी कांच तेवढी नव्यासारखी!

याच गोष्टीवर भाच्यानें नवा मुद्दा काढला. मुलामा शेगडीहून अधिक टिकतो, म्हणजे जी वस्तु अगोदर मरणार तिला अमर वस्त्र कशाला? मुद्दा हुशारीचा आहे. त्याचें उत्तर आम्हीं आंकड्यांनीं दिलें. शेगडी २० वर्षें चालेल असें धरलें तर मुलाम्याचा बोजा वर्षास साडेबावीस डॉलर पडतो. काळ्या शेगडीस तीन वर्षांनीं एक डबा धरला तर वर्षास साडेसहा. फरक वर्षास १६ डॉलरचा. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं तो आम्ही दिला नसता. घरांतल्या वडील माणसानें रोज सकाळीं ज्यावर हात फिरवावा अशी एक वस्तु घरांत असावी, यासाठीं तो फार नाहीं. मात्र हें आंकड्यांत बसत नाहीं, आणि ज्या घरांत पुसणारें कोणी नाहीं, ज्यांस दोन वर्षांनीं घासकागद घेऊन बसण्याचा कंटाळा नाहीं, त्यांनीं काळीच घ्यावी असें आमचें मत आजही आहे. हवी तर चकचकीत काळें इनॅमलही मिळतें. म्हणजे रंगाचा वाद आणि टिकाऊपणाचा वाद हे दोन निरनिराळे वाद आहेत, आणि नवराबायकोंनीं ते एकदम भांडूं नयेत.

एका बाबतींत मात्र आम्हीं आमचा हट्ट सोडला नाहीं. लाकडें आधीं. व्हर्माँटांत लाकूड कॉर्डाच्या मापानें विकतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच व ८ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट, म्हणजे एक कॉर्ड. भाच्यानें कळविलेल्या भावानें ४५० डॉलरमध्यें वाळलेल्या लाकडाचा एक कॉर्ड येऊन थोडे पैसे उरत होते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनांत, कित्येक जातींत, निम्म्याच्या आसपास पाणीच असतें. तें जाळणें म्हणजे शेगडीवर चूल मांडून पाणी उकळीत बसणें. शिवाय ओल्या धुराचें डांबर नळींत थिजतें आणि एखादे दिवशीं पेट घेतें. तिकडे घरें जळतात तीं कित्येकदां याच कारणानें. लाकडांतला ओलावा २० टक्क्यांच्या खालीं आला पाहिजे. त्यासाठीं फोडलेलें लाकूड वर छप्पर व बाजूंनीं वारा अशा जागीं निदान एक उन्हाळा, कठीण जातीचें असल्यास दोन, ठेवावें लागतें. भाच्याच्या परसांत लाकडें उघड्यावर, एका निळ्या ताडपत्रीखालीं होतीं. आम्हीं लिहिलें कीं, प्रथम लाकडांस छप्पर करा, नळी झाडून घ्या, आणि मग मुलाम्याचें बोला. हीं दोन कामें राहिलीं आणि शेगडी मात्र हिरवीगार आली, तर आमचें पहिलें भपक्याचें वाक्य तुम्हां दोघांसही लागूं होईल. सूनबाईंस मात्र स्वतंत्र पत्र लिहून तें वाक्य परत घेतलें. तिनें उत्तरीं फक्त 'नमस्कार, मामा. अक्कांना रंग विचारला आहे' एवढेंच लिहिलें.

तोंवर काळ्या शेगडीची मागणी दुकानांत नोंदली गेली होती, ती बदलावयास दुकानदारानें ६० डॉलर घेतले. हे ६० डॉलर आमच्या घाईचे. ते आम्हीं देऊं केले. भाच्यानें घेतले नाहींत, आणि आम्हींही फार आग्रह केला नाहीं, हें खरें तेंच सांगावें.

लाकडांचें छप्पर भाद्रपदांत झालें, नळी आश्विनांत झाडली, आणि शेगडी कार्तिकांत बसली. रंग मेंदीच्या वाळलेल्या पाल्यासारखा, अक्कांच्या पसंतीचा. पौषांतल्या पत्रांत दाराच्या खालच्या कोपऱ्यावर पोह्याएवढा टवका उडाल्याची बातमी आली. ओंडका नातवाच्या हातून सुटला. कारखान्याकडून नवें दार मागवावें काय, असें भाचा विचारतो. आम्हीं कळविलें आहे कीं, दार मागवूं नये. चैत्रांत शेगडी विझली म्हणजे तेवढी जागा घासून, धगीस टिकणाऱ्या रंगाचा एक ठिपका लावावा, आणि तोंवर अक्कांनीं त्या कोपऱ्यास ओलें फडकें लावूं नये.